हे लावेल नाही, काढेल हाये

गायतोंडे हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते किमतीसकट. डिसेंबर २०१३. मी अकरावीत होतो, अमरावतीत. ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात केला होता आणि त्यात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं. बातमीसोबत चित्राचा फोटो होता, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. पिवळसर पृष्ठभाग आणि त्यावर काही खुणा. आमच्या पेपरची शाई त्या दिवशी जरा पसरली होती, त्यामुळे चित्रकाराच्या खुणा कुठे संपतात आणि छपाईचे डाग कुठे सुरू होतात तेही कळत नव्हतं.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो जवळून पाहिला, बातमी वाचली आणि पान उलटून बाजारभावाकडे गेले. थोड्या वेळाने परत मागे आले. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४००० रुपये होता. पेपरच्या कोऱ्या कडेला त्यांनी पेनने भागाकार केला.

“साठ हजार क्विंटल होते,” ते म्हणाले. “एकरी सहा धरले तरी दहा हजार एकर.”

आईने विचारलं, “त्याच्यात हाये काय पण?”

“काही नाही. पिवळं हाये.”

आम्ही सगळे हसलो. त्या उत्तरात मला तेव्हा फक्त विनोद दिसला. खरं तर बाबा ‘पिवळं’ हा शब्द कसा वापरतात हे मला ठाऊक होतं, तरीही.

बाबा एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ग्रेडर होते. आलेल्या कापसाची प्रत ठरवायची हे त्यांचं काम. वखारीच्या दाराशी ऊन पाठीवर घेऊन उभं राहायचं, गाडीच्या वरून एक, मधून एक आणि हात खांद्यापर्यंत खुपसून तळातून एक असा मूठमूठ कापूस काढायचा. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि बोटांत धरून तो हळू ओढायचा, पुन्हा एकावर एक ठेवायचा, पुन्हा ओढायचा, की शेवटी धाग्याची लांबी बोटावर दिसते. ओल हाताला कळते. पत्ती किती, कवडी किती, हे नजरेला. आणि मग रंग. माझ्यासारख्याला कापूस पांढरा असतो. बाबांच्या लेखी पहिल्या वेच्याचा पांढरा वेगळा, फरदडीचा वेगळा, दवात वेचलेल्याचा वेगळा, घरात दोन महिने भाव वाढायची वाट बघत पडलेल्याचा वेगळा. बोंड उमललं असताना पाऊस झाला तर जो रंग येतो त्याला ते ‘पिवळं’ म्हणायचे, आणि तुम्ही-आम्ही तो रंग शंभरदा पाहिला तरी पांढराच म्हणू.

हे सगळं लिहिताना छान वाटतं, म्हणून दुसरी बाजूही लिहायला हवी. त्या एका शब्दावर क्विंटलमागे शे-दोनशे रुपये कमी व्हायचे. समोर उभा असलेला शेतकरी अनेकदा बाबांच्या गावाकडचाच असायचा, दर्यापूर तालुक्यातला. काही जण भांडायचे, काही हात जोडायचे. एकाने आमच्या घरी येऊन, चहा न घेता, अर्धा तास नुसतं बसून काढला होता. मी तेव्हा सातवीत असेन. बाबांची नजर अचूक होती याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ती नजर कुणाच्या बाजूने पगार घेत होती, एवढीच काय ती तक्रार.

पुढे ती नजरही लागेनाशी झाली. गिरण्यांना आणि मोठ्या खरेदीदारांना एचव्हीआय मशीनचा रिपोर्ट हवा असतो. त्यात धाग्याची लांबी येते, मजबुती येते, मायक्रोनेअर येतं. रंगासाठी दोन आकडे येतात. एक आरडी, म्हणजे नमुना किती प्रकाश परत फेकतो ते, आणि दुसरा प्लस-बी, म्हणजे त्यात पिवळेपणा किती ते. पिवळेपणाला आकडा आहे हे मला बाबांनीच सांगितलं. त्यांचा मशीनवर राग नव्हता. “मशीन खोटं नाही बोलत,” म्हणायचे. “पण ते एवढंसंच पाह्यते.” आणि दोन बोटांच्या चिमटीने काचेच्या खिडकीचा आकार दाखवायचे, ज्याच्यावर नमुना दाबून ठेवतात.

मी इंजिनिअरिंगला गेलो ते कॉम्प्युटरला, अमरावतीतच. तिसऱ्या वर्षी इमेज प्रोसेसिंग हा विषय होता आणि मिनी प्रोजेक्टला काहीतरी करायचं होतं. बाकीच्या ग्रुपांनी गाडीची नंबरप्लेट ओळखणं, चेहरा ओळखणं वगैरे घेतलं. मला ते २३ कोटी आठवले. नेटवर गायतोंडेंच्या चित्रांचे बरेच फोटो होते. एक फोटो उतरवला आणि पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: चित्रात वेगवेगळे रंग किती, आणि कुठला रंग किती टक्के. माझा अंदाज असा, की ‘काहीच नसलेल्या’ चित्रात दहा-बारा रंग निघतील आणि मग २३ कोटी भागिले बारा असं सेमिनारमध्ये सांगून हशा मिळवता येईल.

रंग निघाले लाखाच्या वर. मी खूश झालो, मग लक्षात आलं की त्यातले बहुतेक रंग चित्राचे नाहीत, फोटो दाबून लहान करताना जेपेगने तयार केलेले आहेत. मग जवळजवळचे रंग एकत्र करून आठ गट पाडले. आठ पट्ट्या आल्या. मातकट, करडा, मातकट, जरा हिरवट, पुन्हा करडा. एखाद्या रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड असावं तशा. सेमिनारला गुण चांगले मिळाले. पण आठ पट्ट्या आणि मूळ फोटो शेजारी-शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट मला खटकत राहिली. पट्ट्यांमध्ये चित्रातले सगळे रंग होते आणि चित्र अजिबात नव्हतं. शेजारच्या पोराने फोटोकडे बघून विचारलं, “हे धुकं आहे का?” पट्ट्यांकडे बघून हा प्रश्न कुणीच विचारला नसता.

प्रत्यक्ष चित्र पाहिलं ते शेवटच्या वर्षी, २०१९ च्या सुरुवातीला. मुंबईत एका कंपनीची मुलाखत होती, ती दुपारी दोनलाच आटोपली (निवड झाली नाही) आणि परतीची अमरावती एक्स्प्रेस रात्री होती. काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो, मुख्यतः बसायला सावली मिळेल म्हणून. तिथे जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. निकल्सन हे मुंबईतले कापसाचे व्यापारी, एकेकाळचे मुंबईचे शेरीफ; साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आधुनिक भारतीय चित्रं जमवली आणि त्यात गायतोंडे बरेच आहेत. भिंतीवरच्या परिचयात ‘कापसाचे व्यापारी’ हे वाचून मी थबकलो. ही चित्रं आमच्या कापसातून आली आहेत, असं एक वाक्य डोक्यात तयारच झालं. वाक्य झकास होतं. त्याला पुरावा मात्र काही नव्हता, म्हणून ते मी अजूनपर्यंत कुठे वापरलेलं नाही.

चित्र उभं होतं, माझ्या छातीपासून डोक्याच्या वरपर्यंत जाणारं. शीर्षक नव्हतं. करडा-हिरवट रंग, खाली जरा दाट, वर विरत गेलेला. मधल्या भागात आडव्या ओळीत काही आकार तरंगत होते. अक्षरं म्हणावीत तर वाचता येत नव्हती, वस्तू म्हणाव्यात तर कशाच्याच नव्हत्या. मी समोर उभा राहिलो आणि मला काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा लेखांत या ठिकाणी काहीतरी व्हायचं असतं. काळ थांबतो, आतून काहीतरी हलतं. माझ्या पायांत नवे बूट होते आणि टाचेला फोड आला होता. पाच मिनिटांनी मला राग आला. चित्राचा थोडा, जास्त शेजारी उभ्या असलेल्या दोघांचा. त्यातला एक दुसऱ्याला हलक्या आवाजात सांगत होता की गायतोंडे समजून घ्यायचे नसतात, त्यांच्यासमोर शांत व्हायचं असतं. मुलाखतीत नापास झालेल्या माणसाला शांत व्हायला सांगणं सोपं असतं.

त्या संध्याकाळी गाडीत मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं अजून माझ्याकडे आहे: “चित्र धुरकट. आकार आठ की नऊ, मोजताना चुकलो. कडेला खाली लालसर दिसतं ते कुठून आलं? वरून दिसत नाही.” रसग्रहण म्हणून हे फारच दरिद्री आहे. पण आज वाचताना त्यातला शेवटचा प्रश्न मला बरा वाटतो, आणि तो चार वर्षं मी विसरून गेलो होतो हे बरं वाटत नाही.

विसरलो कारण मधल्या काळात मी गायतोंडेंबद्दल वाचायला लागलो. पुण्यात नोकरी लागली, हातात पैसे आले, मित्र मिळाले. सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’तर्फे २०१६ मध्ये काढलेलं ‘गायतोंडे’ हे जाडजूड पुस्तक एका मित्राच्या घरी बसून वाचलं. मराठीत एका चित्रकारावर एवढ्या आस्थेने झालेलं काम मला दुसरं ठाऊक नाही. त्यातून माणूस उभा राहतो: १९२४ साली नागपुरात जन्म, गोव्याचं कुटुंब, गिरगावातलं वाढणं, १९४८ साली जे.जे.ची पदविका, पुढे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७२ पासून दिल्ली, निजामुद्दीनमधली लहानशी जागा, अपघात, एकटेपणा, २००१ साली मृत्यू. (नागपूरचा जन्म म्हटल्यावर आमच्याकडे काही जण त्यांना आपलं म्हणू लागतात. नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे अमरावतीच्या माणसाला एरवी कुणी शिकवावं लागत नाही. लिलावाचा आकडा ऐकला की विसर पडतो.)

पण त्यांच्याविषयी मी जे-जे मराठीत वाचलं, ऐकलं, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा होते. माणूस बोलायचा कमी, राहायचा एकटा, वाचायचा झेन, जायचा निसर्गदत्त महाराजांकडे. म्हणून चित्र म्हणजे मौन, चित्र म्हणजे ध्यान. चरित्र उचलून कॅनव्हासवर ठेवलं की झालं. गुगनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं मोठं प्रदर्शन केलं. संधिनी पोद्दार यांनी मांडलेल्या त्या प्रदर्शनाच्या नावातच दोन गोष्टी होत्या, चित्र ही प्रक्रिया आणि चित्र हे जगणं. आपण त्यातला दुसरा अर्धा भाग घरी आणला आणि पहिला तिथेच ठेवून आलो, असं मला वाटतं.

यात आपल्या भाषेचाही हात आहे. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ला मराठीत अमूर्त म्हणतात. मूर्त-अमूर्त म्हटलं की पाठोपाठ सगुण-निर्गुण येतं, ते आलं की संत येतात, आणि संत आल्यावर चित्राकडे बघायचं कुणाला सुचत नाही, हात जोडले जातात. गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना ॲबस्ट्रॅक्ट म्हणू देत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. हा फरक तर्कटपणाचा नाही. अमूर्त म्हणजे आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसत पुसत इथवर आलो. नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणजे मुळात कुठली वस्तू नव्हतीच; जे आहे ते हे, रंग, कॅनव्हास आणि त्यावर झालेलं काम. त्या दृष्टीने पाहिलं तर ‘हे धुकं आहे का’ हा प्रश्नही चुकीचा आणि ‘हे मौन आहे’ हे उत्तरही चुकीचंच. दोन्ही चित्राला कशाचं तरी चित्र करतात.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. झेन आणि निसर्गदत्त हे लेखकांनी बाहेरून चिकटवलेलं नाही, गायतोंडेंच्या आयुष्यात ते होतंच. त्यांनी ध्यान आणि चित्र वेगळं मानलं नसेलही. पण त्यांचं ध्यान त्यांच्याबरोबर गेलं. माझ्यासमोर उरलंय ते तेलरंगाचं कापड. आणि मला, म्हणजे टाचेला फोड आलेल्या पोराला, त्या कापडात शिरायला जी वाट लागत होती ती मौनाच्या बाजूने मिळत नव्हती. मौनाचा दरवाजा ज्यांना आधीच शांत राहता येतं त्यांच्यासाठी असतो.

प्रक्रियेच्या बाजूने मात्र गायतोंडेंविषयी पुष्कळ ठोस सांगण्यासारखं आहे. ते वर्षाला मोजकीच चित्रं करत, पाच-सहा. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त वापरत. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवायचे, वरून रोलर फिरवायचा आणि कागद उचलायचा. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो. म्हणजे ते तरंगणारे आकार, ज्यांना समीक्षक चित्रलिपी म्हणतात, हे पुष्कळदा तिथे काढलेले नसतातच. तिथून रंग काढून घेतलेला असतो आणि खालचा थर उघडा पडलेला असतो. तरुणपणी लघुचित्रांचा अभ्यास करताना ते आकृत्या वगळून नुसत्या रंगांच्या प्रमाणाकडे पाहू लागले होते, हेही यात जोडून बघता येतं.

मराठीत ‘चित्र काढणं’ असंच म्हणतात. लहानपणापासून म्हणत आलो आणि त्यातल्या ‘काढणं’कडे कधी लक्ष गेलं नाही. कापसातून सरकी काढतात, रुई उरते. ही उपमाही मला लगेच सुचली आणि लगेच नकोशी झाली. जिनमध्ये काय काढायचं ते आधीच ठरलेलं असतं. कागद उचलेपर्यंत रंग किती निघाला ते कळत नाही. मग थांबायचं की पुन्हा थर द्यायचा, हे त्या क्षणी ठरवावं लागतं. वर्षाला पाच-सहा चित्रं का, याचं मला पटणारं कारण हे आहे. काम थोडं होतं म्हणून नव्हे, बघणं जास्त होतं म्हणून.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं होतं. कळणं आणि दिसणं यात फरक असतो, आणि दिसलं ते बाबांमुळे.

२०२३ च्या हिवाळ्यात बाबा डोंबिवलीला आत्याकडे आले होते. जिन सुटून बरीच वर्षं झाली होती. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डाव्याचा राहिला होता. ते एकेक डोळा झाकून भिंती बघायचे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने भिंत निळसर पांढरी दिसते, दुसऱ्याने जुन्या कापसासारखी, असं सगळ्यांना सांगत सुटले होते. मला वाटतं आनंदाबरोबर त्यांना एक धक्काही बसला होता. शेवटच्या काही हंगामांत आपण नेमकं कुठल्या डोळ्याने भाव ठरवले, असं एकदा पुटपुटले. मी काही बोललो नाही.

शनिवारी मी पुण्याहून आलो आणि त्यांना संग्रहालयात घेऊन गेलो. सांगितलं, तुम्हाले ते साठ हजार क्विंटलवाले दाखवतो. तेच चित्र तिथे नव्हतं, मी आधी पाहिलेलंही नव्हतं. दालनातली चित्रं बदलत असतात. गायतोंडेंचं दुसरं एक होतं, फिकट रंगाचं. पांढरा, राखाडी, कुठे कुठे किंचित मळकट. मी मनातल्या मनात प्रक्रियेचं व्याख्यान तयार ठेवलं होतं. सोप्या मराठीत, उदाहरणांसकट.

बाबा समोर उभे राहिले नाहीत. बाजूला गेले, जवळजवळ भिंतीला टेकून, आणि पृष्ठभागाकडे तिरके बघायला लागले. एक डोळा झाकला. मग दुसरा. मान जरा खाली, जरा वर. रखवालदाराने त्यांना मागे व्हायला सांगितलं; ते एक पाऊल मागे आले आणि पुन्हा तसेच तिरके झाले. वखारीच्या दाराशी ऊन पाठीवर घेणारे बाबा मी कित्येक वर्षांनी पाहत होतो. कापसाची प्रत बघायच्या खोल्यांत पूर्वी उत्तरेकडून उजेड घेत, चित्रकारांच्या स्टुडिओतही उत्तरेचाच उजेड चांगला मानतात, हे मला तेव्हा आठवलं. त्या दालनात दिवे होते. बाबांनी त्या दिव्यांतून आपल्याला हवा तो उजेड शोधून काढला होता.

“हे लावेल नाही बाप्पा,” ते म्हणाले. “काढेल हाये.”

मी विचारलं, कुठे.

त्यांनी बोट न लावता हवेत दाखवलं. मधल्या एका आकाराची कड. आकार वर आलेला नव्हता, खोल होता; त्याच्या भोवतीचा रंग जाड होता आणि आत पातळ, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे केसाएवढी उंच रेघ राहिली होती. कागद उचलताना रंग कडेला साचतो, तशी. मग त्यांनी खालची डावी कड दाखवली. तिथे पांढऱ्याच्या आत काहीतरी मातकट लाल होतं. “आधी हे होतं,” ते म्हणाले. “त्याच्यावर हे आलं. मग पुन्हा काढलं. दोनदा काढलं हाये याने.” पांढऱ्यात त्यांनी मला चार जागा दाखवल्या. मला आधी चारही एकच दिसत होत्या. तिसऱ्या जागेपाशी एकदम वेगळ्या झाल्या, आणि त्यानंतर ते चित्र मला पुन्हा एकसारखं पांढरं दिसेना, प्रयत्न केला तरी.

त्या क्षणी जे झालं त्याला मी शांत होणं म्हणणार नाही. उलट चित्र गजबजलं. कुठे रोलर थांबला, कुठे पुन्हा फिरला, कुठे कागद सरकला आणि तसाच ठेवला, कुठे चित्रकाराने बहुधा बराच वेळ नुसतं बघत काढला. समोर सपाट होतं ते मागे जाऊ लागलं. खारपाणपट्ट्यात पाणी आटल्यावर काळ्या मातीवर मिठाचा पातळ थर येतो. लांबून पाहिलं तर शेत पांढरं, जवळ गेलं तर काळं, आणि खरं म्हणजे दोन्ही. मला ते आठवलं. गायतोंडेंनी खारपाणपट्टा काढलेला नाही, आणि मी मघाशी ज्यावर टीका केली तेच इथे करतोय हे मला कळतं. पण ते शेत चित्रात नव्हतं. पांढऱ्याच्या खाली बघायची ही रीत मला आधी कुठे शिकवली गेली होती, तेवढंच त्या शेतामुळे आठवलं.

माझं वहीतलं वाक्य मला तेव्हाच आठवलं. कडेला खाली लालसर दिसतं ते कुठून आलं, वरून दिसत नाही. चार वर्षांपूर्वी, फोड आलेल्या पायावर उभं राहून, काही न वाचता मी ते पाहिलं होतं. पुढे मिळालेल्या सगळ्या वाचनाने ते मला विसरायला लावलं, कारण मौनाच्या भाषेत कडेवरच्या लाल रंगाला जागा नसते. माझा प्रोग्रॅमही त्यापर्यंत पोचला नसता. आठ गटांत तो लाल रंग शेजारच्या मातकटात मिसळून गेला असता, अर्ध्या टक्क्याच्या आतला म्हणून. आरडी आणि प्लस-बी यांचंही तेच. आकडा सरासरीचा असतो आणि गायतोंडेंचं चित्र सरासरी लपवून नव्हे, सरासरीच्या विरुद्ध केलेलं असतं. ते अख्खं काम एका पांढऱ्याचा दुसऱ्या पांढऱ्याशी असलेला फरक टिकवून धरण्यात खर्च झालेलं आहे.

ही नजर फक्त ग्रेडरलाच असते असा माझा दावा नाही. शिंप्याला असेल, पापड लाटणाऱ्या बाईला असेल, घराला रंग देणाऱ्याला तर नक्कीच असेल. माझं भांडण एवढंच आहे की गायतोंडेंच्या चित्राकडे जायची जी वाट आपण मराठीत बांधली ती या लोकांना बाहेर ठेवून जाते. त्यांना आधी अध्यात्म यावं लागतं किंवा कलेचा इतिहास यावा लागतो. आणि बाबांना ज्या कामामुळे ते चित्र दिसलं त्या कामाला कुणी कधी दृष्टी म्हटलं नाही, त्यांनी स्वतःही नाही. मीसुद्धा ते काम एका मशीनने घेतलं तेव्हा मनात म्हणालो होतो, बरं झालं, आता निदान घरी येऊन कुणी बिनचहाचं बसणार नाही. तेही खोटं नव्हतं. त्याच नजरेने भाव पाडले होते. चित्रासमोर ती नजर पहिल्यांदाच कुणाचं नुकसान न करता काम करत होती, म्हणून कदाचित बाबा इतका वेळ थांबले.

इथे एक शंका मलाच राहते. कसं केलं हे कळणं म्हणजे चित्र कळणं का? कारागिरीचा माग काढला की समीक्षा झाली असं म्हटलं तर मी मौनवाल्यांइतकाच सोपा रस्ता पकडला, फक्त माझा रस्ता रोलरवरून गेला. गायतोंडेंच्या तंत्राची नक्कल करणारे पुष्कळ झाले, कागद उचलले की आकार त्यांनाही मिळतात. त्यांच्या चित्रातही बाबांना कड दिसेल. फरक असा की तिथे कड दिसल्यावर पुढे बघायला काही उरत नाही. गायतोंडेंसमोर एक कड सापडली की तिच्यामुळे दुसरीकडचा पांढरा बदलतो, आणि आधी पाहिलेलं पुन्हा पाहावं लागतं. हे असं का होतं ते मला अजून नीट मांडता येत नाही. प्रमाणाशी त्याचा संबंध आहे, कुठे किती ठेवलं आणि कुठे किती काढलं याच्याशी; लघुचित्रांतून त्यांनी तेच उचललं होतं. यापुढे माझं गणित अडतं.

आम्ही त्या चित्रापाशी पाऊण तास होतो. मधे बाबा बाकावर बसले, पाणी प्यायले, निकल्सन यांचा परिचय वाचला. “कापसावाला होता का,” म्हणाले, आणि हसले. माझ्या डोक्यात आलेलं वाक्य त्यांच्याही डोक्यात आलं असावं, पण तेही बोलले नाहीत. मी विचारलं, बाबा, आवडलं का तुम्हाले?

“आवडाचं काय त्याच्यात,” ते म्हणाले. मग चष्मा पुसला, उठले आणि या वेळी चित्राच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, कारण तिकडून दिवा वेगळा पडत होता.